झाड आणि त्यावर बसणारे

लातूरच्या न्यायालयात मी फौजदारी वकिली करते आणि घरी सुपरहिरोंचे कॉमिक्स जमवते, हे माझ्या ओळखीच्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे भाचरांपासून ज्युनिअर वकिलांपर्यंत अनेक जण फिरून फिरून मला एकच प्रश्न विचारतात: माणसाच्या अंगात दैत्य शिरला, त्या माणसाच्या हातून खून झाला आणि दैत्य निघून गेला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे राहायचे? विचारणाऱ्याला बहुधा एका वाक्यात उत्तर हवे असते. तसे ते मला देता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत तर जरा सविस्तर लिहिते.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो तो एक्लिप्सो नावाच्या पात्रामुळे. लेखक बॉब हेनी आणि चित्रकार ली इलियास यांनी १९६३ साली त्याला डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाच्या कथांमध्ये आणले. ब्रूस गॉर्डन हा सूर्याचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ ग्रहण पाहायला एका बेटावर जातो, तेथला एक मांत्रिक त्याला काळ्या हिऱ्याने ओरखडतो आणि त्यानंतर ग्रहण लागले की गॉर्डनचा एक्लिप्सो होऊ लागतो. त्याच्या चेहऱ्यावर ग्रहणाची सावली पडावी तसा गडद निळा डाग असतो आणि लख्ख प्रकाशाचा झोत पडला की एक्लिप्सो ओसरतो. पुढे १९९२ साली रॉबर्ट लोरेन फ्लेमिंग आणि कीथ गिफेन यांनी या कथेचा पायाच बदलला. त्यांनी सांगितले की एक्लिप्सो ही गॉर्डनची काळी बाजू नसून सूड घेत फिरणारी एक प्राचीन शक्ती आहे, तिच्या काळ्या हिऱ्याचे हजार तुकडे जगभर विखुरलेले आहेत आणि असा तुकडा हातात असताना ज्याला संताप येतो, त्याच्यावर तिचा ताबा बसतो. या ताब्यातून सुपरमॅनही सुटला नाही.

ही अट मला विलक्षण वाटते. येथे नुसता हिरा पुरत नाही आणि नुसता रागही पुरत नाही. हिरा मुठीत असावा लागतो आणि मनात राग पेटावा लागतो. म्हणजे दैत्य बाहेरचा असला तरी त्याला आत यायला लागणारी वाट माणसाच्या स्वतःच्या मनातून जाते. हिरा कुणाच्या हाती नकळत पडलेला असतो, कुणी तो दागिना म्हणून बाळगलेला असतो, तर कुणाला त्याचे सामर्थ्य कळलेले असते आणि तरी तो टाकवत नसतो. या तिघांच्या हातून एकसारखाच खून झाला, तरी मला ते तिघे सारखे दोषी वाटत नाहीत.

याच पात्राच्या पुढच्या प्रवासात एक वकीलबाई येते, आणि तिच्याविषयी मी इतरांपेक्षा अधिक विचार केला आहे. जीन लोरिंग ही ॲटम या सुपरहिरोची घटस्फोटित पत्नी. २००४ सालच्या कथेत तिच्या हातून दुसऱ्या एका नायकाच्या पत्नीचा, सू डिबनीचा, मृत्यू होतो. जीव घ्यायचा नव्हता, दूर गेलेल्या नवऱ्याला केवळ घाबरवून जवळ आणायचे होते, असे ती सांगते. पण जाताना तिने ज्वाळा फेकणारे हत्यार सोबत नेलेले असते. तिला मनोरुग्णांच्या तुरुंगात ठेवतात आणि २००५ साली तेथेच काळा हिरा तिच्यापर्यंत पोहोचून ती एक्लिप्सो होते. दैत्य तिच्यात शिरला तेव्हा खून होऊन गेलेला होता. त्यामुळे पुढच्या संहाराचा दोष दैत्यावर घालता येईल, पण सू डिबनीचा घालता येणार नाही, आणि ते हत्यार सोबत का घेतले या प्रश्नाला तर दैत्याकडेही उत्तर नाही.

अशी आणखी पात्रे आहेत. गोस्ट रायडर झालेला जॉनी ब्लेझ आपल्या पालक-पित्याचा कर्करोग बरा व्हावा म्हणून स्वतःहून सैतानाशी सौदा करतो. जेसन ब्लडच्या देहात मर्लिन हा जादूगार एट्रिगन या दैत्याला बांधून टाकतो. दोघेही १९७२ सालचे. एकाने प्रेमापोटी होकार दिला, दुसऱ्याला कोणी विचारलेच नाही, एवढा फरक माझ्या प्रश्नापुरता पुरेसा आहे.

इंग्रजीत अशा माणसाला होस्ट म्हणतात. मराठीत त्यासाठी यजमान हा शब्द काही जण वापरतात, पण तो मला पटत नाही, कारण यजमान पाहुण्याला बोलावतो. आपल्याकडे त्याला झाड म्हणतात. माझे आजोळ धाराशिव जिल्ह्यात. तेथे नवरात्रात तुळजापूरहून देवीची पोत, म्हणजे मशाल, घेऊन आराधी, म्हणजे देवीचे उपासक, आले की माझ्या मावशीच्या अंगात वारे यायचे. ती घुमायची, केस मोकळे सुटायचे, आणि गावातला जाणता माणूस तिला नावाने हाक न मारता विचारायचा, “कोण हाइस? ह्या झाडाला का धरलंस?” मी आठ-नऊ वर्षांची होते. झाड म्हटले की मला आजोळच्या अंगणातला कडुलिंब आठवायचा आणि वाटायचे की त्यावर कोण येऊन बसले याला कडुलिंब काय करणार? त्या शब्दात एक मोठी दया आहे, हे मला फार उशिरा समजले. वारे उतरल्यावर घुमण्याच्या भरात मावशी काय बोलली याचा जाब तिला कोणी विचारत नसे. आजी तिला गूळपाणी द्यायची आणि कामाला लागायची. पैठणच्या एकनाथांनी तर भारुडात या झपाटण्यालाच उलटे करून विठ्ठलाचे भूत केले, जे ध्रुवाला लागले, नारदाला लागले आणि ज्याच्यावर देवऋषीचे काही चालले नाही.

पण याच शब्दाच्या आडून झाडाला चाबकाने फोडून काढले जाते, मिरचीची धुरी दिली जाते, हेही मी वकील म्हणून कागदोपत्री वाचले आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण गुन्हा ठरवली आहे. दैत्याला शिक्षा देता देता आपण नेमके कोणाला मारतो आहोत, हा प्रश्न त्यामुळे कॉमिक्सपुरता उरत नाही.

कायद्याला दैत्य माहीत नाही, पण दैत्याच्या जागी तो काही दुसऱ्या गोष्टी मानतो. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२, असे सांगते की मनोविकलतेमुळे आपण काय करत आहोत, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे ज्याला कृत्य करतेवेळी कळूच शकत नव्हते, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. हे मावशीचे कलम आहे, हे खऱ्या झाडाचे कलम आहे. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा अपवाद मात्र निराळा. तो गुन्हा पुसत नाही, फक्त खुनाला सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आणतो, आणि त्यातही संताप आकस्मिक असावा लागतो. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या, म्हणजे नानावटी, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली घड्याळाकडे पाहिले: आरोपी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला आणि खून चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाला; राग आवरायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालय खुनाच्या क्षणाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या आधीच्या वेळेकडे पाहते.

माझे उत्तर तेच आहे, आणि ते मला पुस्तकातून मिळालेले नाही. मी नवीन असताना बांधाच्या वादातून चुलतभावाचा खून केल्याचा आरोप असलेल्या एका शेतकऱ्याचे वकीलपत्र घेतले होते. ओळख पटू नये म्हणून त्याविषयी याहून अधिक लिहीत नाही. पहिल्या भेटीत तो म्हणाला, “ताई, अंगात काय शिरलं ते मला कळलंच नाही. हात माझा नव्हता.” तो खोटे बोलत नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी आकस्मिक चिथावणीचा मुद्दा मांडला. मयताने त्या सकाळी त्याला आईवरून शिवी दिली होती, आणि ती ऐकणारे दोन साक्षीदार होते. सरकारी पक्षाने लोहाराला साक्षीला बोलावले. कुऱ्हाड आदल्या दिवशी पाजवून नेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर कोणीही कुऱ्हाड पाजवतो, असा युक्तिवाद मी केला आणि तो पूर्णपणे प्रामाणिकपणे केला, पण टिकला नाही. जन्मठेप झाली.

निकालानंतर त्याला नेण्यापूर्वी मी भेटले. अपिलाविषयी बोलायचे होते. त्याने सही केली आणि मग आपणहून सांगितले, “ताई, ते त्या दिशी आलं नव्हतं. चार साल झाले, घरातच होतं. मीच त्याला भाकर घालत होतो.”

त्यानंतर कित्येक वर्षांनी जीन लोरिंगची कथा वाचताना त्या हत्याराच्या चित्रापाशी मी थांबले आणि मला लोहाराची साक्ष आठवली. म्हणून भाचा जेव्हा विचारतो की फाशी दैत्याला की माणसाला, तेव्हा मी त्याला आधी हिरा कधी हाती आला ते शोधायला सांगते, मग तो काय आहे हे त्या माणसाला कधी कळले ते, आणि त्यानंतर त्याने तो किती दिवस मुठीत धरला ते. ब्रूस गॉर्डनला हे कळल्यावर तो आपल्या प्रेयसीला, मोना बेनेटला, सोबत घेऊन त्याच दैत्याविरुद्ध लढणारी माणसे जमवतो. त्यांतली बरीच मारली जातात, तरी तो मागे फिरत नाही. त्याचे वकीलपत्र मी विनामूल्य घेईन आणि त्याच्या अंगातून झालेल्या प्रत्येक खुनातून त्याला निर्दोष सोडवण्यासाठी शेवटच्या न्यायालयापर्यंत जाईन. जीन लोरिंगचेही घेईन, पण तिच्या बाबतीत शिक्षा कमी व्हावी एवढेच मागेन.