पिकअपच्या हौद्यावर टप बांधताना: आधी फटी, मग छत

पिकअपच्या हौद्यात झोपायची सोय करायची म्हटलं की बहुतेकांची वही छतापासून सुरू होते: उंची किती, खिडक्या किती, वर तंबू बसेल का. खरं तर छत हा या कामातला सोपा भाग. टप, म्हणजे हौद्यावर बसणारं बंद कवच, फसतो तो बुडाशी, म्हणजे हौद्याच्या कडेवर टेकतो तिथे, केबिनमागच्या फटीत आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या बाजूच्या, दोन कोपऱ्यांत. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

आधी गाडी कशी हलते ते पाहू. पिकअपमध्ये केबिन वेगळी आणि हौदा वेगळा, दोन्ही चासीवर आपापल्या बोल्टांनी बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते आणि केबिन न् हौदा एकमेकांच्या विरुद्ध झुकतात. टपाची पुढची भिंत आणि केबिनची पाठ यांत ३० ते ४० मिमी जागा सोडायची ती यासाठी. दोन्ही कडक जोडले तर पहिल्याच कच्च्या रस्त्यावर कुठली तरी काच नाही तर जोड जातो. केबिनमधून मागे जायला वाट हवीच असेल, तर मध्ये रबरी भाता बसवा, आणि तोही दोन्हीकडे थोडा सैल.

हौद्याच्या बाजूही किंचित आत-बाहेर होतात. टप बसला की त्या बांधल्या जातात, पण पीळ संपत नाही, तो टपात शिरतो. तीन बाजूंना भिंत असल्यामुळे त्या ताठ राहतात. मागची बाजू मात्र दारासाठी मोकळी असते, म्हणून तडे जवळजवळ नेहमी दाराच्या वरच्या दोन कोपऱ्यांत पडतात. सांगाडा २५×२५×२ मिमी अॅल्युमिनियम पाईपचा असला, तरी मागची चौकट ४०×४० ची घ्या आणि त्या दोन कोपऱ्यांत ३ मिमी पत्र्याचे १०० ते १२० मिमी बाजूचे त्रिकोण रिव्हेट करा. सांगाडा तयार झाला की कातडी, म्हणजे बाहेरची शीट, चढवण्याआधीच एक मागचं चाक १५० मिमी उंच फळीवर चढवून दार लावून बघा. तेव्हा दार अडकलं तर दुरुस्ती तासाभराची असते. कातडी चढल्यावर तीच दोन दिवसांची होते.

आता मापं. हौदा गुण्यात (काटकोनात) असतो हे गृहीत धरू नका. रुंदी कडेच्या पातळीवर पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत ५-८ मिमी फरक निघाला तर दचकू नका, पण चौकट त्या फरकासकटच बनवा. तळाच्या मापावर टप कापणं ही नेहमीची चूक. बाजू वर जाताना आत किंवा बाहेर झुकलेल्या असतात आणि टप कडेवर बसतो, तळावर नाही. कडही सपाट नसते. त्यामुळे पुठ्ठा उभा धरून तिचा उतार पेन्सिलीने गिरवून घ्या. कडेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर ते काढलेलं बरं. गॅस्केट, म्हणजे टप आणि कड यांच्यातली फोमची पट्टी, त्याच्यावर कितीही नीट बसवली तरी पाणी आवरणाखालून आत येतं, आणि गळती कुठून होतेय ते वरून दिसतच नाही.

गळती नेमकी होते कशी, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. भिंतीवरून ओघळणारा थेंब खालच्या धारेशी येतो. धार चौकोनी आणि गुळगुळीत असेल तर तो खाली पडत नाही, पत्र्याला चिकटून धारेखालून आत वळतो आणि गॅस्केटला जाऊन टेकतो. तिथे तो रात्रभर बसतो. गॅस्केट एखाद्या जागी कमी दाबली गेली असेल तर केसाएवढ्या फटीतून आत ओढला जातो. गाडी नाकाने थोडी खाली उभी असली की हे सगळं पाणी पुढच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथून गादीखाली. मग लोक छताचे जोड पुन्हा पुन्हा भरत बसतात.

उपाय साधा आहे. बाहेरचा पत्रा गॅस्केटच्या पुढे १० ते १५ मिमी खाली लोंबता ठेवायचा, छपराच्या पागोळीसारखा, म्हणजे थेंब कडेच्या बाहेर गळतो. ही धार गाडीच्या रंगाला टेकू देऊ नका. ३ मिमी अंतर ठेवा आणि रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म लावा, नाहीतर हादऱ्यांनी रंग घासून खालचा पत्रा गंजतो.

गॅस्केट बंद पेशींच्या ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) फोमची, ४० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड घ्या. उघड्या पेशींचा फोम हाताला मऊ लागतो, दाबतोही छान, पण स्पंजासारखा पाणी पितो. पट्टीचा जोड कोपऱ्यात घेऊ नका. बाजूच्या सरळ भागात तिरका काप देऊन चिकटवा. क्लॅम्प दर बाजूला तीन, ८ मिमी बोल्टचे, नायलॉन लॉकनटसह. १२ मिमीची पट्टी ८ मिमीवर आली की थांबा. त्यापुढे आवळलं तर क्लॅम्पजवळची कड दबते आणि दोन क्लॅम्पांच्या मध्ये गॅस्केट उचलली जाते, म्हणजे जास्त आवळल्यानेच गळती. पहिल्या १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, कारण तोवर फोम बसलेला असतो.

छतावर तंबू ठेवायचा विचार असेल तर हिशोब वेगळा. ६० किलोचा तंबू आणि त्यात दोन माणसं, हे ओझं कडेच्या पातळ पत्र्यावर सोडू नये. आतून चार खांब हौद्याच्या तळापर्यंत उतरवा. क्लॅम्पचं काम टप धरून ठेवण्याचं आहे, ओझं पेलण्याचं नाही.

आता सामान. बाहेरून १५००×१५०० मिमी आणि ५०० मिमी उंच टप धरला, तर छत, दोन बाजू, पुढची भिंत आणि मागचं दार मिळून साधारण सव्वापाच चौरस मीटर पृष्ठभाग होतो. सांगाड्याला खालची आणि वरची चौकट, आठ खांब आणि छताचे तीन आडवे मिळून साडेवीस मीटर पाईप लागतो. ६ मीटरच्या चार लांब्या घेतल्या की कापाकापीची घट निघते. अॅल्युमिनियमचा हा सांगाडा १० किलोच्या आसपास भरतो, त्याच मापाचा लोखंडी जवळपास ३० किलो. मागच्या जाड चौकटीने यात किलोभर भर पडते. वर ३ मिमी एसीपी शीट (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा) सुमारे २४ किलो, मध्ये उष्णता अडवणारा २५ मिमी एक्सपीएस फोम ४ किलो, आतून पातळ प्लाय १२ किलो. बिजागऱ्या, खिडक्या, गोंद धरून एकूण ६०-६५ किलो. हे वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं, हे पाण्याचे कॅन भरताना आठवलं पाहिजे.

अॅल्युमिनियमचा सांगाडा वेल्ड करण्याचा मोह होतो. ६०६३ जातीच्या पाईपला उष्णता देऊन कडकपणा आणलेला असतो आणि वेल्डच्या आजूबाजूला तो बराचसा उतरतो. त्यापेक्षा कोपऱ्यांत पट्ट्या घालून ४.८ मिमीचे रिव्हेट मारणं आमच्या मते चांगलं. भोक ४.९ चं, अंतर कडेला १०० आणि मध्ये १५० मिमी. बाहेरच्या कातडीला बंद टोकाचे रिव्हेट वापरा. साध्या रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं.

एसीपीची खरी मजा घडीत आहे. मागच्या बाजूने राउटरला (चर पाडायच्या सुतारी यंत्राला) ९० अंशांचं पातं लावून व्ही आकाराची चर पाडायची, बाहेरचा पत्रा आणि त्याला चिकटलेला प्लास्टिकचा पातळ थर तेवढा शाबूत ठेवून. मग हाताने वळवलं की कोपरा एकसंध येतो. छताची शीट दोन्ही बाजूंना ५० मिमी खाली वळवली तर छत आणि भिंत यांचा जोड उभ्या बाजूवर येतो आणि त्याच्यावर पाणी साचत नाही. चर जास्त खोल गेली तर पत्रा वळताना फाटतो, म्हणून आधी तुकड्यावर खोली जुळवा. पॉलिथिलीन गाभ्याची एसीपी पेट घेते. झोपायच्या जागेसाठी आगरोधक गाभ्याचीच घ्या. छताला मध्ये जोड आलाच, तर तो आडव्या पाईपवर यायला हवा. आणि छत अगदी सपाट नको. मधला भाग बाजूंपेक्षा २०-२५ मिमी उंच असला की पाणी थांबत नाही.

प्लायने करायचं असेल तरी हरकत नाही. ९ मिमी प्लाय चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास भरतो, शिवाय सांगाडाही कमी लागतो. त्याची दुखरी जागा म्हणजे कडा. कापलेल्या कडेतून पाणी थरांमध्ये चढतं आणि प्लाय फुगतो. प्रत्येक कडेला इपॉक्सीचे तीन हात, प्रत्येक भोकालाही इपॉक्सी, आणि बाहेरून काचेच्या कापडाचा एक थर.

सीलंटच्या बाबतीत एकच आग्रह: आंबट वास येणारा सिलिकॉन नको. तो सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतो, धातू खातो आणि एकदा लागला की त्या जागी पुढे रंगही धरत नाही, दुसरा सीलंटही नाही. पॉलियुरेथेन वापरा आणि त्याला २-३ मिमी जाडी द्या. दीड मीटरचं अॅल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाला जवळपास दीड मिमी वाढतं. दाबून कागदासारखा केलेला थर ती हालचाल सोसत नाही. खिडक्यांच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. ती कडक होत नाही आणि खिडकी पुन्हा काढता येते.

मागचं दार वर उघडणारं असेल तर गॅस स्ट्रट, म्हणजे दार वर तोलून धरणारे गॅसचे दांडे, अंदाजाने घेऊ नका. समजा दार ९ किलोचं आणि ५०० मिमी उंच आहे. वजनाचा मध्य बिजागरीपासून पाव मीटरवर, म्हणजे दार आडवं असताना सुमारे २२ न्यूटन-मीटर घूर्ण (फिरवणारा जोर). स्ट्रटची रेषा बिजागरीपासून १०० मिमीवरून जात असेल तर एकूण २२० न्यूटन लागतात, दोन स्ट्रटांत वाटून ११० प्रत्येकी. १२० ते १५० चे स्ट्रट पुरतात. थंडीत त्यांचा जोर उतरतो, तेवढी राखीव ताकद हवीच, पण ‘जास्तच घेऊ’ म्हणून ३०० चे लावले तर पातळ दार धनुष्यासारखं वाकतं आणि मधोमध गॅस्केट टेकत नाही. दार बंद असताना स्ट्रटचा दांडा खाली तोंड करून असावा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

कडी आतूनही उघडली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मुठी फक्त बाहेरून फिरतात. आत माणूस झोपणार असेल तर तशी मूठ लावूच नये, किंवा तिच्या दांड्याला आतून ओढायची दोरी तरी जोडावी.

धूळ पाण्यापेक्षा चिवट. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे धूळ आणि सायलेन्सरचा धूर फाळक्याच्या फटींतून आत ओढला जातो. सगळ्यात मोठी फट फाळक्याच्या खाली, बिजागरीच्या रेषेत असते, आणि नेमकी तीच लोक विसरतात. तिथे रबरी पट्टी, दोन्ही उभ्या बाजूंना पोकळ रबर, आणि छताच्या पुढच्या भागात वाऱ्याकडे तोंड असलेली एक झडप, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो. मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आत लावा आणि शेगडी मात्र कधीच आत पेटवू नका.

उंचीचा प्रश्न शेवटी येतो, कारण तो गणिताने सुटतो. हौद्याची खोली ४८० मिमी, टपाची आतली उंची ४५०, मिळून ९३०. मांडी घालून बसायला ९०० तरी लागतात. चाकांच्या कमानींवरून जाणारा ३०० मिमीचा फळीपलंग आणि ७५ मिमीची गादी टाकली की ५५५ उरतात, म्हणजे फक्त आडवं व्हायचं. खाली सामान की वर बसणं, यातलं एक निवडा किंवा टप उंच करून वाऱ्याचा भार सोसा. लांबी दीड मीटरच असेल तर पलंगाला बिजागरीचा तुकडा जोडून तो उघड्या फाळक्यावर टेकवा. त्याने आणखी ४५० मिमी मिळतात, मात्र मागे कापडी झालर लागते. १२ मिमी प्लायला दर ४०० मिमीवर आधार द्या आणि गादीखाली ३० मिमीची भोकं पाडा, नाहीतर बुरशी धरते.

दोन माणसं रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. ते सगळं थंड धातूवर दहिवरासारखं जमतं. फोम पाईपांच्या मध्ये बसतो, पण पाईप स्वतः थंडच राहतात. म्हणून पाईप आणि आतला प्लाय यांच्यात ५-६ मिमी फोमची पट्टी हवी. आणि हवेला दोन वाटा: एक खाली, एक वर. एकच खिडकी उघडून भागत नाही.

विजेचं थोडक्यात: फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, वायर धारेवरून जाते तिथे रबरी बोंडी, आणि केबिनवरचा ब्रेक दिवा टपाने झाकला तर तसाच एक दारावर. नंबरप्लेट आणि तिचा दिवा उघडाच राहिला पाहिजे.

शेवटी पाण्याची चाचणी. आतला प्लाय लावायच्या आधी एक जण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून पाईपने पाणी सोडतो: आधी फक्त बुडाची फट, पाच मिनिटं, मग खिडक्या, मग दार, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच दिसतं आणि मूळ जागा कळत नाही. गाडी एकदा नाकाने खाली आणि एकदा नाकाने वर उभी करून हे दोनदा करा.