पुरवठादार

भाची वही घेऊन आली आणि विचारलं, "मामा, पुरवठादार म्हणजे काय रे? जमिनीत पुरतो तो?"

हसलो, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. 'पुरणे'चे दोन अर्थ आहेत, गाडणे आणि भागणे, आणि तिनं नेमका पहिला उचलला होता. भागेल इतकं असणं म्हणजे पुरणं. दुसऱ्याला पुरेल असं करणं म्हणजे पुरवणं. त्यावरून पुरवठा, आणि त्याला फारसीतलं 'दार' चिकटून पुरवठादार. निविदा आणि पावत्यांमध्ये हा शब्द इतका कोरडा पडलाय, की त्याच्या पोटात 'सगळ्यांना पुरेल ना?' ही घरगुती धास्ती बसली आहे हे जाणवतही नाही.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मामालोकांना थांबता येत नाही.

तिला म्हटलं, आता वाणी बघ. संस्कृतात वणिज, आपल्याकडे वाणी. बोलण्याची वाणी वेगळी. ती वाणीला, वाणीची अशी चालते, हा वाण्याला, वाण्याचा असा. वाण्याकडचा किराणा 'क्रयाणक'वरून आला, म्हणजे विकत घेण्याची वस्तू. त्यातला 'क्री' हा धातू विक्रीतही आहे, फक्त आधी 'वि' लागला की घेणारा देणारा होतो. आणि खरेदी हा फारसी शब्दही त्याच प्राचीन मुळाचा. म्हणजे 'किराणा मालाची खरेदी-विक्री' असं लिहिलं, की एकच धातू तीन टोप्या घालून समोर उभा राहतो.

इंग्रजांचा ग्रोसर आणखी मजेशीर. मुळात तो 'ग्रोस'मध्ये, म्हणजे घाऊक माल घेणारा. लंडनमध्ये अशा व्यापाऱ्यांचा संघ 1345 सालापासून आहे. त्याआधी मिरीचे व्यापारी म्हणून ते ओळखले जात. आज ग्रोसर म्हणजे किरकोळ दुकानदार. नाव घाऊक, माप किरकोळ! आपल्याकडच्या 'गांधी'चं मूळ गंधात, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. गुजरातीत तो शब्द किराणा विकणाऱ्यापर्यंत आला. महात्मा गांधींनीही आत्मकथेच्या सुरुवातीलाच आपलं घराणं पूर्वी किराण्याचा धंदा करत असावं, असं म्हटलंय.

हे सगळं निरुपद्रवी. मला खरं कुतूहल आहे ते बिघडलेल्या शब्दांचं. ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याच्याबद्दल मनात अढी बसते, आणि ती अढी शब्दाला डागते. दलाल अरबीत वाट दाखवणारा होता. आज कुणाला दलाल म्हणून बघा! रतीब म्हणजे ठरलेला रोजचा पुरवठा. रोज न चुकता येणाऱ्या माणसाचं कौतुक व्हायला हवं, तर 'लेखांचा रतीब घालतो' म्हणून आपण त्याच्या सातत्याचीच टिंगल करतो. (हे मला लागतं, कबूल आहे.)

पण सगळ्यांत मोठा अन्याय झाला बाजारबुणग्यांवर. लष्कराबरोबरचा सामानसुमानाचा पसारा आणि त्याभोवतीची माणसं म्हणजे बुणगे. पण आधी 'बाजार' आहे, तो कशाला? लष्कराबरोबर दुकानंही चालत, आणि शिपाई आपलं धान्य तिथून विकत घेत. पानिपतावर रसद तुटली आणि 14 जानेवारी 1761 ला उपाशी फौज लढायला निघाली. आज मात्र बाजारबुणगे म्हणजे निकामी गर्दी. लढणाऱ्यांचे पोवाडे झाले. दाणागोटा वाहणाऱ्यांच्या वाट्याला शिवी आली.

असा डाग कायद्यानं पुसता येतो का? इंग्लंडात एकदा तसा प्रयत्न झाला. राजाच्या लवाजम्याला रसद गोळा करणारे 'पर्व्हेयर' असत. शब्द मोठा सभ्य, आधीच पाहून तजवीज करणारा. प्रत्यक्षात हे लोक शेतकऱ्यांचं धान्य, जनावरं, गाड्या स्वतः ठरवलेल्या भावानं उचलत, आणि पैसे उशिरा देत किंवा देतच नसत. लोक इतके वैतागले, की तिसऱ्या एडवर्डच्या काळात, 1362 च्या कायद्यात, हे घृणास्पद नाव बदलून त्यांना 'अकातूर', म्हणजे विकत घेणारा, म्हणावं असं लिहिलं गेलं. घ्या, पण पैसे मोजून, अशी ती नावातच घातलेली तंबी होती. पर्व्हेयर तरीही मेला नाही; आज तो उंची दुकानांच्या पाट्यांवर दिमाखात मिरवतो. आणि अकातूर? त्याचं आद्याक्षर गळालं, शेपूट वाढलं, आणि मराठी लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी ज्याला फोन जातो तो केटरर झाला.

मी विजयी मुद्रेनं भाचीकडे पाहिलं. वहीत 'शब्दाचा अर्थ लिहा' याच्यापुढे तिनं केव्हाच 'माल पुरवणारा' असं लिहून टाकलं होतं. खाली 'वाक्यात उपयोग करा' होतं. तिथे, नव्यानं कळलेला शब्दही हाताशी घेऊन, तिनं लिहिलं होतं : "माझा मामा माहितीचा पुरवठादार आहे. एक विचारलं की रतीब घालतो."