डावा खांदा वर!

"ताई, डावा खांदा वर!" तीन महिने दर शनिवार-रविवारी मी हेच ओरडत होते. ताई खांदा उचलायच्या, घोडा चार पावलं सरळ टाकायचा आणि बघते तर त्या पुन्हा डावीकडे कललेल्या.

ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. करी रोडला घर, ठाण्याला बँकेत नोकरी. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसल्या होत्या, तेवढीच ओळख. मुलगी कॉलेजला लागल्यावर धीर करून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शिकायला आल्या. अकरा वर्षं मी तिथे रायडिंग शिकवते.

त्यांना दिलेला कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा, शर्यतीतून निवृत्त झालेला. महालक्ष्मीच्या शर्यती उजव्या वळणाने धावतात, म्हणजे उमेदीची वर्षं त्याने त्याच अंगाला वळण्यात काढलेली. डाव्या गोलात, म्हणजे डावीकडे वळत गोल फिरताना, तो ताठ होणार, हे मी धरूनच चालले होते. त्यामुळे ताई डाव्या गोलात कलल्या की मी घोड्याला दोष द्यायचे आणि उजव्या गोलात कलल्या की ताईंना.

डिसेंबरातल्या एका रविवारी तास संपला. घोड्याची देखभाल करणाऱ्या साईसकाकांनी खोगीर उतरवलं आणि मला हाक मारली. "बाई, जरा हे बघा."

घोड्याच्या पाठीवर घामाचा ठसा होता. कण्याच्या डाव्या बाजूचे केस घासून उलटे फिरलेले, उजवीकडचे जागच्या जागी. "या खोगिराखाली हल्ली असंच होतंय," काका म्हणाले. "दुसरं घातलं की नाही होत."

मी रिकिबीचे, म्हणजे पाय अडकवायच्या कड्यांचे, दोन्ही पट्टे काढून खिळ्याला शेजारी शेजारी अडकवले. भोकं मोजून सारखी, पण डावा पट्टा दोन बोटं लांब! आपण घोड्यावर चढतो ते डावीकडून, सगळा भार डाव्या रिकिबीवर. चामडं हळूहळू ताणत जातं. म्हणून पट्टे अधूनमधून अदलाबदल करायचे असतात. पहिल्याच आठवड्यात मी हे सगळ्यांना सांगते आणि तीन महिने मीच ते तपासलं नव्हतं.

मी ताईंची माफी मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, आता या वयात शरीर ऐकत नाही. पुढच्या महिन्यापासून बंद करणार होते." ते वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं.

त्यांना तसंच घरी पाठवणं मला जमेना. दुसरं खोगीर चढवलं, सारखे पट्टे लावले आणि दहा मिनिटांसाठी त्यांना लंजिंगच्या दोरीवर घेतलं, म्हणजे लांब दोरी धरून घोडा माझ्याभोवती गोल फिरवला. घोडा माझ्या हातात, ताईंच्या हातात लगाम नाही. कदमचालीत दोन फेऱ्या झाल्या. तरी डावीकडेच!

मग रिकिबी काढून टाकल्या. "डोळे मिटा. बैठकीची दोन हाडं खोगिरावर कुठे टेकतायत, तेवढंच सांगा."

"डावं कळतंय. उजवं नाहीच."

इथे मला माझी दुसरी चूक कळली. कलणं कमरेतून होतं आणि मी खांदा उचलायला लावत होते. खांदा वर, बैठक तिथेच, मधल्या मधे बरगड्या मुरडलेल्या. मी त्यांना दोन्ही गुडघे खोगिराच्या पुढून क्षणभर वर घ्यायला सांगितले, मग पाय सावकाश खाली सोडायला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाय खाली आले ते लांब, सैल आले. पक्की मांड म्हणजे घट्ट आवळलेल्या मांड्या असं लोकांना वाटतं. पण गुडघे आवळले की माणूस चिमट्यासारखा वर सरकतो. मांड बसते ती वजन खाली उतरू दिल्यावर.

तेवढ्यात ताई ओरडल्या, "मॅडम, धरा! मी उजवीकडे पडतेय!"

मी घोडा थांबवला आणि बाजूने पाहिलं. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत. मागे गेले, तर ताईंची वेणी आणि घोड्याची शेपटीही एका रेषेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या सरळ बसल्या होत्या आणि सरळ असणं त्यांना पडण्यासारखं वाटत होतं. मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"रोज ठाण्याला जाताना कशा उभ्या राहता?" मी विचारलं. उजव्या हाताने कडी धरून, सगळा भार डाव्या पायावर, पर्सही डाव्याच खांद्याला. बावीस वर्षं. सगळं खापर मी लोकलवर फोडणार नाही, तो पट्टा होताच. पण शरीराने 'सरळ' कशाला म्हणायचं हे तिथेही ठरत आलेलं असणार. मी त्यांना घरचा अभ्यास दिला: परळला डाव्या पायावर, दादरला उजव्या, असं मुलुंड ओलांडेपर्यंत. पर्सचा खांदाही बदलायचा.

पाच आठवड्यांनी डाव्या गोलात दुडकीवर असताना कुमैताने मान खाली सोडली आणि लांब फुरफुरला. त्या अंगाला तो असा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्याचं ताठणं सगळंच शर्यतीतलं नव्हतं तर. तो बिचारा कललेलं वजन सांभाळत होता. काकांनी नंतर खोगीर उतरवून पाठ दाखवली. दोन्हीकडे सारखा घाम.

"अजून वाकडंच वाटतंय हो," उतरताना ताई म्हणाल्या.

"फोटो काढू?"

"नको. वाटू दे."