निरोगी उंदराचा मेंदू उजळला

त्या दिवशी रसायनात खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून तर तो स्कॅन डोक्यातून जात नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन आम्हाला स्कॅनवर बघायचंय. त्याला चिकटणारी अँटीबॉडी दीडशे किलोडाल्टनची, म्हणजे मेंदूत शिरायला फारच मोठी. दिलेल्या डोसपैकी जेमतेम ०.१ टक्का मेंदूत शिरतो. मग तिला मेंदूतल्या केशिकांच्या भिंतीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर पकडणारा तुकडा जोडायचा, म्हणजे लोह आत जातं त्याच वाटेने तीही जाते. स्वीडनमधल्या अप्सालाच्या गटाने २०१६ मध्ये हीच युक्ती किरणोत्सर्गी आयोडीन-१२४ लावून उंदरांत यशस्वी केली. पण त्याचं अर्धायुष्य चार दिवसांचं. माणसाला एवढा किरणोत्सर्ग कोण देणार? म्हणून आम्ही अँटीबॉडीवर ट्रान्स-सायक्लोऑक्टिन, म्हणजे टीसीओ, लावून ती आधी टोचतो, काही दिवस रक्तातून ओसरू देतो, आणि मग किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ लावलेलं, टीसीओला पकडणारं छोटं टेट्राझिन सोडतो. दोघांची गाठ शरीरातच पडते.

टेट्राझिन भारी नाजूक. ते बनवताना कार्ट्रिजवर, म्हणजे गाळणीसारख्या नळीत, अडकवलेलं फ्लोराइड उतरवायला नेहमीसारखं सढळ हाताने पोटॅशियम कार्बोनेट वापरलं, की त्या बेसने ते मोडून पडतं. त्यामुळे बेस मोजून-मापून, आणि ११० मिनिटांच्या अर्धायुष्यात शुद्धीकरणही उरकायचं. त्या दिवशी एचपीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून शुद्धता दाखवणाऱ्या यंत्राच्या रेडिओ-डिटेक्टरवर एकच पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आला: सरळ, टोकदार, मागे शेपूट नाही. असा पीक दिसला की मला जेवणाची आठवण राहत नाही.

आजारी उंदराचा मेंदू झकास उजळला. मीटिंगमध्ये सगळे खूश. निधी देणाऱ्यांना रंगीत चित्र लागतं, ते मिळालं. निरोगी भावंडाचा स्कॅन कुणी मागितलाच नाही. मी लावला. तोही जवळजवळ तेवढाच उजळ!

‘रक्तातलं असेल,’ असं म्हणून विषय मिटवायचा प्रयत्न झाला. तोवर सलाइनने रक्त धुऊन काढलेला मेंदू मी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गॅमा काउंटरमध्ये ठेवला होता. किरणोत्सर्गाचा क्षय धरूनही आकडा फारसा उतरला नव्हता. म्हणजे अँटीबॉडी केशिकांच्या भिंतीवर रिसेप्टरला धरून उंबरठ्यातच अडकली असावी आणि टेट्राझिन तिला तिथेच गाठत असावं. किंवा टेट्राझिनच मेंदूत रेंगाळत असेल. पहिलं खरं असेल, तर आजारी उंदराच्या उजेडातलं अमायलॉइडचं किती, हे कशावरून ठरवायचं?

दोन्हींतलं खरं कोणतं हे कळावं म्हणून टीसीओ न लावलेली तीच अँटीबॉडी दिलेले उंदीर पुढच्या आठवड्यात स्कॅनरवर जातील. ते चित्र मात्र आत्ताच स्लाइड्समध्ये जाऊन बसलंय, निरोगी भावंडाशिवाय.