देवळाचं छप्पर: पत्रे की कौलं?

तौक्ते चक्रीवादळ वसईला थेट धडकलं नाही, समुद्रातूनच गुजरातकडे सरकलं. तरी 17 मे 2021 चा सोमवार आमच्याकडे कोणी विसरणार नाही. मुंबईत कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हतं, केळीच्या आडव्या झालेल्या बागा हेच माप. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. आणि आमच्या देवळाची, म्हणजे पॅरिश चर्चची, पश्चिमेची पाखाडी, म्हणजे छपराची उतरती बाजू, कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत उघडी पडली. कौलं अंगणात, तक्तपोशीच्या (छपराखालच्या लाकडी छताच्या) फळ्या बाकांवर, आणि पाणी थेट वेदीपर्यंत.

करोनाच्या निर्बंधांमुळे देऊळ एप्रिलपासून बंद होतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण त्याच निर्बंधांमुळे चार माणसं गोळा करणंही मुश्कील. मी तेव्हा पॅरिश कौन्सिलवर होतो, त्यात सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यामुळे कागदपत्रांचं गाठोडं आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या आठवड्यात दुरुस्तीचा विचारही नव्हता, फक्त पाणी अडवायचं होतं. फादरांनी पवित्र साक्रामेंत, म्हणजे वेदीजवळ जपून ठेवलेला पवित्र प्रसाद, आपल्या घरातल्या छोट्या चॅपेलमध्ये हलवला. सिस्टरांनी पुतळे चादरींत गुंडाळून सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या सामानाच्या खोलीत, नेले. ताडपत्री मिळेना, कारण अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी ताडपत्री हवी होती. दुकानदार मागेल तो भाव देऊन आणली, बांबू आणि वाळूच्या गोण्या लावून बांधली. शेवाळलेल्या कौलांवर चढायला तरुण मंडळी उतावीळ झाली होती, पण दोर कमरेला बांधल्याशिवाय कुणालाही वर सोडायचं नाही, यावर फादर अडून बसले.

त्यानंतरच्या रविवारी, 23 मेला, पेंटेकॉस्टचा सण होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मोबाईलवर. पहिल्या वाचनात शिष्य बसलेल्या घरात सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज घुमतो, तो प्रसंग. आमच्या घरात ते वाचन ऐकून आधी सगळे गप्प झाले आणि मग माझी सून हसली. फादरांनी प्रवचनात त्या वाऱ्याचा विषय शिताफीनं टाळला.

9 जूनला पावसाळा मुंबईत दाखल झाला आणि छपराचं काम दिवाळीनंतर, हे आपोआप ठरलं. मधले महिने गेले कागदांत.

तलाठ्यानं घरांचे, बागायतीचे पंचनामे केले. देवळाबद्दल विचारलं तर म्हणाला, “काका, लिहून घेतो, पण प्रार्थनास्थळाला या मदतीत पैसे नाहीत.” निदान स्पष्ट बोलला. उरला विमा. आगीच्या पॉलिसीत वादळाचं संरक्षण होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत फुटक्या कौलांचा ढीगही हलवायचा नाही, असं फोनवर सांगितलं गेलं. ढीग तसाच ठेवला, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी साफसफाईच्या आधी फोटो काढावेत, आणि फोटोत तारीख दिसेल असं बघावं. आम्हाला पुढे त्याच फोटोंनी तारलं.

खरी मेख निघाली रकमेत. इमारतीची विमा रक्कम बऱ्याच वर्षांपूर्वी ठरलेली, ती कुणी वाढवलीच नव्हती. मालमत्तेची किंमत 1 कोटी आणि विमा 60 लाखांचा असेल, तर 10 लाखांच्या नुकसानीला कंपनी 6 लाखच धरते. म्हणजे नुकसान विम्याच्या रकमेच्या कितीतरी आत असलं, तरी कात्री लागतेच. वर घसारा वेगळा: जुन्या कौलाची जुनी किंमत. नव्याला नवं हवं असेल, तर तसं कलम पॉलिसीत आधीच असावं लागतं, आणि आमच्या पॉलिसीत ते नव्हतं. त्यात सर्व्हेअरनं वाश्यांना वाळवी लागलेली पाहिली आणि हे नुकसान वादळाचं नाही, देखभालीच्या अभावाचं आहे, असा मुद्दा काढला. वाळवी होती, हे खरंच. पण वाळवी पूर्वेच्या पाखाडीतही होती आणि ती पाखाडी शाबूत होती, हे आमच्या इंजिनीअरनं अहवालात लिहून दिलं. हवामान खात्याच्या नोंदी जोडल्या. शेवटी जे मिळालं त्यात निम्माही खर्च भागला नाही.

आता छपराचं. तरुणांचं म्हणणं, रंगीत पत्रे टाका, स्वस्त पडतील, गळणार नाहीत, काम पटकन होईल. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, पत्र्याखाली एप्रिलच्या मिस्साला कोण बसेल? आणि पावसात प्रवचन ऐकू येईल का? दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, म्हणूनच वाद मिटेना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एकमेकांच्या आजोबांपर्यंत गोष्ट गेली.

निकाल लावला तो इंजिनीअरनं. तो शिडी लावून चढला, उघड्या वाश्याच्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खाली येऊन म्हणाला, “वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो. आणि तो सगळ्यात जास्त ओढतो ते कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला.” आमच्या बाबतीत घडलं ते असं: पश्चिमेची खिडकी आधी निखळली, वारा आत शिरला, आतून ढकलू लागला, बाहेरून ओढ होतीच. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, तेही निव्वळ वजनावर रिपेला, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीला, टेकलेलं. पत्रा त्याहून कितीतरी हलका, तो टिकतो फक्त पकडीवर. म्हणजे प्रश्न पत्रे की कौलं हा नव्हताच. छप्पर भिंतीला बांधलेलं आहे की नुसतं ठेवलेलं आहे, हा होता. आमचं ठेवलेलं होतं.

ठरलं ते असं. चांगल्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, ठेवायच्या, सडलेल्या बदलायच्या, प्रत्येक कैची लोखंडी पट्टीनं भिंतीला जखडायची, वर कौलंच, पण कडांची आणि आढ्याची कौलं तारेनं रिपेला बांधायची. पश्चिमेच्या खिडक्यांना मजबूत झडपा. भिजलेल्या भिंतींवरचं मागच्या दुरुस्तीतलं सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा, कारण सिमेंटखाली ओल कोंडून राहिली होती. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शाबूत कौलं धुवून रचायचं काम बायकांनी घेतलं. काथ्यानं घासता घासता काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा निघाला. मंगलोरला 1865 मध्ये या मिशननंच कौलांचा कारखाना काढला होता. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची कौलं कॅथलिक देवळावर इतकी वर्षं बिनबोभाट बसली होती, याची फादरांना फार गंमत वाटली. ती कौलं त्यांनी मुद्दाम वेदीवरच्या भागात लावायला सांगितली.

पैशांबद्दल थोडक्यात. ज्यांच्या केळी आणि पानवेली झोपल्या, त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जायचं? म्हणून घरटी रक्कम ठरवलीच नाही, बंद पाकिटं ठेवली. पैशांऐवजी अंगमेहनत देणाऱ्यांची वेगळी वही केली. आखातात आणि कॅनडात गेलेल्या मुलांनी चांगला हात दिला. शेजारच्या आळीतल्या हिंदू टेम्पोवाल्यानं कौलांच्या खेपांचं भाडं घेतलं नाही, फक्त डिझेल घेतलं.

7 ऑक्टोबरला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. सरकारनं घटस्थापनेचा दिवस धरला, आमच्याकडे तोच रोझरी मातेचा सण. अर्ध्या देवळावर ताडपत्री, पश्चिमेची बाकं दोरी लावून बंद, मधे अंतर सोडून माणसं, तरी गर्दी मावेना. नोव्हेंबरात काम सुरू झालं आणि 2022 च्या ईस्टरला, 17 एप्रिलला, संपूर्ण छपराखाली मिस्सा झाली.

पॉलिसी आता नव्या मूल्यांकनावर आहे, नव्याला नवं देणाऱ्या कलमासकट. हप्ता वाढला म्हणून कौन्सिलात कुरकुर झालीच. तक्तपोशी मात्र परत बसवलेली नाही. कैच्या उघड्या दिसतात ते काहींना आवडतं, वाळवी लागली तर लगेच कळेल हेही खरं. काहींना ते गोदामासारखं वाटतं. तो वाद आम्ही पुढच्या कौन्सिलकडे सोपवला आहे.