बर्फावरची ती खुर्ची
आज दुपारी सोव्हिएत आइस हॉकीपटू व्याचेस्लाव फेतिसोव्हच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठवलेच नाही. मॉस्कोच्या सीएसकेए संघाचा हा बचावपटू १९८४ आणि १९८८ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवूनही परदेशात खेळण्याच्या हक्कासाठी प्रशिक्षक तिखोनोव्ह यांच्याशी उघडपणे भांडला आणि १९८९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी संघाकडून खेळू लागला. पुढे तो डेट्रॉइट संघात गेला. या संघाने १९९७ मध्ये स्टॅनले चषक, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा सर्वोच्च चषक, जिंकला आणि सहाच दिवसांत झालेल्या मोटार अपघातात त्याचा जोडीदार कॉन्स्टँटिनोव्ह कायमचा जायबंदी झाला. फेतिसोव्हही त्याच गाडीत होता. पुढल्या वर्षी चषक पुन्हा जिंकल्यावर तो चषक चाकांच्या खुर्चीतल्या कॉन्स्टँटिनोव्हच्या मांडीवर ठेवलेला दिसतो आणि सहकारी ती खुर्ची बर्फावरून सावकाश फिरवतात. तेवढाच भाग मी तीनदा पाहिला.