डावा इंडिकेटर घाईत, बल्ब मात्र शाबूत

उजवा इंडिकेटर १५ सेकंदांत २१ वेळा लुकलुकत होता, डावा ४० वेळा. म्हणजे मिनिटाला ८४ आणि १६०. मिनिटाला ६० ते १२० हा वेग नियमात बसतो, त्यामुळे गडबड डावीकडे आहे हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवरच ठरलं. गाडी जुनी हॅचबॅक, सगळे बल्ब फिलामेंटचे, फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी) वेगळा.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, "फ्लॅशर बदला." पण फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो. उजवी बाजू नीट चालते म्हटल्यावर त्याला हात लावायचं कारणच नाही. उलट तो आपलं काम चोख बजावतोय. पुढचा २१ वॅट, मागचा २१ वॅट आणि फेंडरवरचा ५ वॅट मिळून ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ४ अँपिअर. फ्लॅशरच्या डबीवर २×२१+५ असं छापलेलं असतं ते हेच. एक मोठा बल्ब गेला की प्रवाह सव्वादोन अँपिअरपर्यंत उतरतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो, चालकाला कळावं म्हणून. जुन्या, तापून वाकणाऱ्या पत्तीच्या फ्लॅशरचं उलटं: बल्ब गेला की टिकटिक मंदावते किंवा दिवा नुसता पेटून राहतो.

एलईडी बल्ब टाकल्यावर वेग वाढतो तोही याच कारणाने, तीन-चार वॅट म्हणजे फ्लॅशरच्या लेखी बल्ब गेलेलाच. त्यावर ५० वॅट, ६ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात. इंडिकेटर चालू असताना तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून पत्र्यावर स्क्रूने बसवायचा, प्लॅस्टिकला किंवा वायरिंगला टेकवायचा नाही. स्वतंत्र फ्लॅशर असेल तर एलईडीसाठीचा फ्लॅशर टाकणं मला जास्त पटतं. नव्या गाड्यांत लुकलुकवण्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) करतं, तिथे बदलायला फ्लॅशरच नसतो.

माझ्या गाडीत एलईडी नव्हता. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून हॅझर्डचं (सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं) बटण दाबलं आणि चारी कोपरे पाहिले. मागचा डावा बल्ब पेटत होता, पण मंद. नीट बघितल्यावर दिसलं की त्याच ठेक्यावर शेजारचा लाल टेललाइटही किंचित उजळतोय. टेललाइटचा स्विच बंद असताना! दुपारच्या उन्हात हे दिसलंच नसतं, "सगळे बल्ब पेटतात" म्हणून मोकळा झालो असतो.

तरी आधी बल्ब तपासला. डिकीतली कार्पेटची झडप उघडून होल्डर पाव वळसा डावीकडे फिरवला, बल्ब आत दाबून फिरवत काढला. मल्टीमीटरवर फिलामेंट १ ओहमच्या आत, म्हणजे शाबूत. (थंड फिलामेंटचा रोध इतका कमीच असतो, शॉर्ट समजू नका.) उजवीकडचा बल्ब इथे लावला, तोही मंद.

बल्ब विकत घेताना एक बघावं. पिवळ्या बल्बच्या दोन पिना अगदी समोरासमोर नसतात, त्या होल्डरमध्ये पांढरा बल्ब बसू नये म्हणून. पिन घासून पांढरा बसवलेला मी पाहिलाय, पिवळी नसलेल्या काचेतून मग इशारा पांढरा दिसतो. आणि पांढऱ्या काचेचा १० वॅटचा बल्ब २१ वॅटच्या होल्डरमध्ये सहज बसतो, पेटतोही, फक्त वेग बरेचदा तसाच वाढलेला राहतो. टोपीवरचा वॅटचा आकडा वाचूनच घ्या.

आता अर्थिंग, म्हणजे दिव्यातून प्रवाह गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याची वाट. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर जोडून), लाल प्रोब होल्डरच्या अर्थच्या पत्तीला, इंडिकेटर चालू. तिथे ०.२ व्होल्टच्या आत वाचन हवं. माझ्याकडे प्रत्येक लुकलुकीला ५ व्होल्टच्या आसपास उसळत होतं. अर्थची वाट बंद, म्हणून प्रवाह टेललाइट आणि ब्रेकलाइटच्या फिलामेंटमधून उलटा फिरून परतीची दुसरी वाट शोधत होता. लाल दिवा का उजळत होता ते इथे कळलं.

काळी वायर हाताने मागे घेत गेलो, ती दिव्याच्या मागे पत्र्याला १० मिमीच्या बोल्टने लावलेली होती. बोल्ट बाहेरून ठीक. काढल्यावर वायरच्या टोकाच्या रिंगखाली तांबूस गंज, रिंगला हिरवा थर. बॅटरीचं निगेटिव्ह सोडून रिंग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट घट्ट केला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी लावायची नाही, धातूला धातू टेकला पाहिजे. नवीन वाचन ०.०५ व्होल्ट, डावीकडे १५ सेकंदांत २१.

गंज आला कुठून, हा प्रश्न उरला होता. दिव्याच्या मागचं फोमचं गॅस्केट एका कोपऱ्यात चपटं होऊन फाटलं होतं. ते बदललं, दिव्याचे नट सगळीकडे सारखे आवळले आणि वरून पाच मिनिटं नळी सोडली. डिकीच्या त्या कोपऱ्यात ठेवलेला टिश्यू पेपर कोरडा निघाला.